श्रावण पाळायचा की वर्षभर मोजून प्यायची?

आमच्या मित्रांत दोन्ही तऱ्हा आहेत. श्रावण पाळणं सोपं. कुणी आग्रह केला तर "श्रावण आहे" म्हटलं की विषय संपतो. महिनाभर झोपही चांगली लागते. पण आदल्या अमावास्येला महिन्याची कसर भरून काढायची आणि गणपती गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, हे मला पटत नाही.

मोजून पिणं अवघड, कारण आधी हिशेब कळायला हवा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलि पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या ६५० मिलि बिअरच्या बाटलीत जवळजवळ ४०. म्हणजे "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याचे चार पेग झाले! घरी तर आपण अंदाजानेच ओततो. मी मापाचा पेला आणला. घेतली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने टिंब. लेकीला गोष्ट वाचून दाखवायची असेल त्या रात्री नाही, हा नियम श्रावण संपला तरी सुटत नाही. म्हणून माझा कौल मोजण्याला.

मात्र एका पेगवर थांबताच येत नसेल, तर पूर्ण बंदच बरी. रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारूनच सोडावी. एकदम सोडल्याने फिटही येऊ शकते.