रेस्टिक : चौदा महिन्यांचा वापर आणि बॅकअप सर्व्हर जळाल्यानंतरचा अनुभव

सांगलीतील आमच्या मुद्रणालयात छापून झालेल्या पुस्तकांच्या फायली अक्षरजुळणीच्या संगणकांवर ठेवत नाहीत. काम संपले की त्या एका छोट्या लिनक्स सर्व्हरवर हलवतात आणि तेथून रोज रात्री रेस्टिक हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम त्यांचा बॅकअप क्लाउडवर चढवतो. गेल्या आषाढात एका रात्री वीज पडली आणि तो सर्व्हर आतल्या दोन्ही डिस्कसह जळाला. एक डिस्क गेली तरी दुसरीवर तीच माहिती राहील, अशी व्यवस्था आम्ही केली होती. पण दोन्ही एकाच पॉवर सप्लायवर चालतात, हे ध्यानात घेतले नव्हते. त्याआधी अकरा महिने आणि त्यानंतर तीन महिने रेस्टिक वापरल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

रेस्टिक निवडण्याचे मुख्य कारण त्याची रचना होते. आधीचा प्रोग्रॅम कोणती फाइल कुठे ठेवली याची यादी त्याच यंत्रावरील डेटाबेसमध्ये ठेवत असे आणि तो डेटाबेस गेला की क्लाउडवरून तो पुन्हा बांधण्यातच फार वेळ जाई. रेस्टिकमध्ये यादी, अनुक्रमणिका आणि फायलींचे तुकडे हे सारे क्लाउडवरील एकाच भांडारात असते. प्रत्येक फाइलचे सरासरी १ एमबीचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्याला त्यातील मजकुरावरून काढलेली एसएचए-२५६ ही खूण मिळते आणि सर्व काही एईएस-२५६ पद्धतीने कुलूपबंद होते. एकच छायाचित्र दहा पुस्तकांत वापरले असले तरी ते एकदाच साठवले जाते. कुलपाची किल्लीदेखील भांडारातच असते, फक्त ती तुमच्या पासवर्डने बंद केलेली असते. त्यामुळे जुने यंत्र पूर्ण नष्ट झाले तरी भांडाराचा पत्ता, क्लाउडची प्रवेश-किल्ली आणि पासवर्ड या तीन गोष्टी हाताशी असल्या की पुरे. पासवर्ड हरवला तर मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनासुद्धा ते भांडार उघडता येत नाही.

आमची खरी अडचण याच तीन गोष्टींची झाली. पासवर्ड आणि प्रवेश-किल्ली या दोन्ही जळालेल्या सर्व्हरवरच होत्या. अकरा महिने मी दर महिन्याला दोन-चार फायली परत आणून पाहत असे आणि त्या दरवेळी बिनचूक येत. पण ती चाचणी मी त्याच सर्व्हरवर बसून करत होतो, जिथे पासवर्ड आधीच भरलेला होता. सर्व्हरच नसेल तर काय, हे मी एकदाही करून पाहिले नव्हते. सुदैवाने पहिल्या दिवशी पासवर्ड कागदावर लिहून तो लिफाफा मालकांकडे दिला होता आणि त्यांनी तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता. नवी प्रवेश-किल्ली काढण्यासाठी क्लाउडच्या खात्यात शिरावे लागणार होते आणि त्याचा ओटीपी ज्या मोबाइल क्रमांकावर जात होता, तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा होता. ते गृहस्थ सज्जन, त्यांनी लगेच मदत केली. तरी त्यांचा नवा ठावठिकाणा शोधण्यात दीड दिवस गेला. सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. त्यासोबत मिळणारी रेस्टिकची ०.१२ ही आवृत्ती आमचे भांडार उघडेना, कारण दाबून साठवण्याची सोय असलेला नवा साचा ०.१४ पासून, म्हणजे २०२२ पासून, आला आणि आमचे भांडार त्या साच्यातले आहे. रेस्टिक ही एकच फाइल असल्यामुळे नवी आवृत्ती उतरवून चालू करायला पाच मिनिटे लागली. मग कागदावरचा पासवर्ड भरायला घेतला. माझ्याच अक्षरातले ते गोल चिन्ह शून्य की इंग्रजी ओ, आणि ती उभी रेघ एक की छोटा एल, हे मला ओळखता येईना. दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्या वेळी भांडार उघडले आणि पडद्यावर जुन्या सर्व्हरच्या नावासह एकेका रात्रीची नोंद उतरू लागली. शेवटची नोंद अपघाताच्या आदल्या रात्रीची होती. मालक माझ्या मागे उभे होते. ते तेव्हा कुठे खुर्चीवर बसले.

भांडार तपासायची आज्ञा दिली तेव्हा ते कुलूपबंद असल्याचा संदेश आला. वीज पडली त्या क्षणी बॅकअप नुकताच सुरू झाला होता आणि भांडार वापरात असल्याची त्याची खूण तशीच राहिली होती. रेस्टिक या खुणेलाच कुलूप म्हणतो, पासवर्डच्या कुलपाशी तिचा संबंध नाही. जुने कुलूप काढण्याची वेगळी आज्ञा आहे. ती दिल्यावर तपासणी नीट झाली. नवख्या माणसाने हा संदेश पाहिला तर भांडार बिघडले असेच त्याला वाटेल, आणि हा मला रेस्टिकचा दोष वाटतो. त्यानंतर एका ग्राहकाच्या दिवाळी अंकाचे गेल्या वर्षीचे फोल्डर तेवढे आधी उतरवले, कारण त्यातील जाहिरातींच्या पानांवाचून यंदाचे काम अडले होते. ते सुमारे पंधरा मिनिटांत आले. बाकीचे ४१० जीबी आमच्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवर साधारण तेरा तासांत उतरले. देवनागरीतील फायलींची नावे जोडाक्षरांसकट जशीच्या तशी आली, तारखाही मूळच्याच राहिल्या. जुन्या पुस्तकांचे फाँटही त्याच भांडारात ठेवलेले होते, हे फार बरे झाले. ते नसते तर युनिकोडपूर्व काळातील पाने नुसती अगम्य चिन्हे दिसली असती.

दोन गोष्टींनी त्रास दिला. फायलींचे मालक नावाऐवजी क्रमांकाने परत येतात आणि नव्या यंत्रावर ते क्रमांक वेगळ्याच माणसांचे होते, त्यामुळे परवानग्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. शिवाय नव्या सर्व्हरचे नाव मी वेगळे ठेवले, म्हणून पहिल्या रात्री रेस्टिकने साऱ्या फायली पुन्हा वाचल्या. तुकडे भांडारात असल्याने ते पुन्हा चढवले गेले नाहीत, पण जुने बॅकअप छाटण्याचा नियम यंत्राच्या नावानुसार लागू होत असल्यामुळे जुन्या नावाच्या नोंदी वेगळ्या गटात पडून राहिल्या. नाव तेच ठेवले असते तर हे टळले असते. खर्च वाचवण्यासाठी अतिथंड साठवणूक, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फायलींसाठीची स्वस्त साठवणूक, घेण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र ॲमेझॉनच्या डीप आर्काइव्हमध्ये नेहमीच्या मार्गाने फाइल मिळायला १२ तासांपर्यंत लागतात आणि रेस्टिकला तुकडे तत्काळ वाचता यावे लागतात, म्हणून आम्ही साधीच साठवणूक ठेवली आहे.

आता भांडाराला दुसरा पासवर्ड जोडला आहे, कारण एका भांडाराला कितीही पासवर्ड देता येतात. तो छापील, ठळक अक्षरांत, क्लाउड खात्याच्या पर्यायी संकेतांसह दुसऱ्या लिफाफ्यात आहे आणि ओटीपी कार्यालयाच्या स्वतःच्या क्रमांकावर येतो. गेल्या महिन्यात अक्षरजुळणी करणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना तो लिफाफा आणि एक कोरा लॅपटॉप दिला आणि मी खोलीबाहेर थांबलो. चाळीस मिनिटांनी त्यांनी एका कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ उघडून दाखवले.