ओमानमध्ये वाळू, डोंगर आणि किनारा : बॅटरीवरचा हवेचा कंप्रेसर, काही महिन्यांच्या वापरानंतर

मस्कतमध्ये नोकरीसाठी आलेली आपली मंडळी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, घेतली की पहिले विचारतात, तंबू कोणता घेऊ, कॅरियर कुठून बसवून घेऊ. मला कोणी विचारले तर मी सांगतो, आधी टायरमध्ये हवा भरायचा चांगला कंप्रेसर घ्या. बाकी सगळे नंतर. हा पूर्ण हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळ्याचा काही भाग आम्ही तो वापरला. ओमानमध्ये आम्ही जिथे जिथे पोहोचलो, त्यातल्या निम्म्या जागा तो नसता तर बघायला मिळाल्या नसत्या, हे मी अगदी मनापासून म्हणतो.

कारण असे, की या देशात जमीन फार लवकर बदलते. सकाळी मस्कतहून निघालात तर कुर्यातवरून सूरकडे जाणारा समुद्राकाठचा उत्तम हायवे. दुपारपर्यंत बिदिया, आणि तिथे डांबर संपते तिथून शर्किया सँड्सचे वाळवंट सुरू. दुसऱ्या दिवशी निझवामार्गे डोंगर. हायवेला टायरमध्ये 35 पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा हवी, वाळूत 15 ते 18, आणि दगडगोट्यांच्या रस्त्यावर 25 ते 28. म्हणजे दोन दिवसांच्या सहलीत चार-पाच वेळा हवा बदलावी लागते. हवा काढायला नुसती काडी पुरते. प्रश्न असतो तो परत भरण्याचा.

बिदियाला आणि अल वासिलला वाळवंटाच्या तोंडाशीच टायरची दुकाने आहेत. हवा कमी करून देतात, परतताना भरून देतात, माणसेही चांगली. नुसते एका कॅम्पवर जाऊन परत यायचे असेल तर तेवढ्यावर भागते. पण मग ज्या तोंडाने आत शिरलात त्याच तोंडाने बाहेर यावे लागते, दुकान उघडे असायला लागते, आणि वाळू मध्येच संपून दगड लागले तरी 16 वरच गाडी रेटावी लागते. स्वतःचा कंप्रेसर आल्यावर आमचा हा सगळा हिशोबच बदलला.

आधी आमच्या गाडीबद्दल, म्हणजे आकड्यांचा अंदाज येईल. जुनी जपानी, पेट्रोलवरची, ऑटोमॅटिक, फोर-लो (अवघड चढासाठीचा हळू पण ताकदवान गियर) असलेली, 17 इंची चाके. कंप्रेसर दोन सिलिंडरचा, बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा. ब्रँडचे नाव लिहीत नाही, कारण याच घडणीचे यंत्र निरनिराळ्या नावांनी मिळते आणि मला बोलायचे आहे ते घडणीबद्दल. सुरुवातीला एका मित्राचा छोटा कंप्रेसर वापरून पाहिला होता, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण 10 ते 15 अँपियरचा असतो, त्यामुळे यंत्राला मिळणारी ताकदच मर्यादित. मोठ्या टायरला 16 वरून 35 वर न्यायला आठ-दहा मिनिटे जायची, आणि दुसऱ्या टायरनंतर यंत्र इतके तापायचे की बंद करून थांबावे लागायचे. शहरात पंक्चर झाले तर तो ठीक आहे. वाळवंटातून बाहेर आल्यावर, पोरे मागे कंटाळलेली असताना, चार टायरना ते काम त्याचे नाही.

आमचा आता 40 अँपियरच्या वर करंट ओढतो, म्हणून इंजिन चालू ठेवूनच वापरायचा. एका टायरला अडीच-तीन मिनिटे लागतात. नळी फिरवणे, टोपण्या शोधणे सगळे धरून चारही टायर दहा-बारा मिनिटांत होतात. भर दुपारी मात्र तिसऱ्या टायरनंतर मी त्याला पाच मिनिटे विश्रांती देतो. आत तापमानाचा कट-ऑफ आहे, तरी तिथपर्यंत जाऊ देऊ नये. त्याला गाडीच्या सावलीत ठेवायचे, वाळूवर थेट नाही, खाली एक जुनी ताडपत्री टाकून. हवा ओढायच्या तोंडाशी फोमचा फिल्टर असतो. तो महिन्यातून एकदा उघडून झटकायचा. शर्कियाची वाळू पिठासारखी बारीक आहे, कुठेही शिरते.

वाळूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी मजा आणि खरी भीती तिथेच आहे. शर्किया सँड्स, ज्याला पूर्वीपासून वहिबा म्हणतात, त्यात टेकड्यांच्या रांगा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत आणि काही टेकड्या शंभर मीटरपर्यंत चढतात. दोन रांगांमधल्या सपाटीतून गाडीवाट जाते, त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणे त्या मानाने सोपे. एका रांगेतून दुसरीत ओलांडायचे तेव्हा चढ लागतो आणि तिथेच चाके रुततात. हवा कमी केली की टायर नुसता रुंद होतो असे लोक समजतात. खरे तर तो जास्त करून लांब होतो, जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो. वजन जास्त जागेवर पसरते आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून जाते. हा फरक आम्ही एकाच चढावर पाहिला. 25 वर गाडी निम्म्या चढावर दम टाकत होती, चाकामागे खड्डा होत होता. मागे घेऊन 16 केले, आणि तीच गाडी त्याच चढावर शांतपणे वर गेली, ॲक्सिलरेटर पूर्ण न दाबता.

तिथल्या एका बेदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळीतल्या, काकांनी आम्हाला चहाला थांबवले होते. हिंदी छान बोलत होते. त्यांनी आमच्या टायरला पायाने दाबून पाहिले आणि म्हणाले, "सदीक, अभी टायर गरम है. थंडा होगा तो और कम होगा." हे कायम लक्षात ठेवण्यासारखे आहे. हायवेवरून तापून आलेल्या टायरमध्ये हवेचा दाब चार-पाच पीएसआयने चढलेला असतो. त्या अवस्थेत 16 वर आणलात आणि रात्री वाळवंटात मुक्काम केलात, तर सकाळी दाब मोजायचे गेज 13-14 दाखवते. 12 च्या खाली गेले आणि जोरात वळवले, तर टायर रिमवरून निसटू शकतो. म्हणून आता मी गरम टायर 18 वर आणतो आणि सकाळी पुन्हा मोजतो. सकाळी वाळू थंड आणि घट्ट असते, तेव्हा मोठे चढ उरकून घ्यायचे. दुपारी तीच वाळू मोकळी, भुसभुशीत होते.

आणि बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय हायवेला लागायचे नाही. कमी हवेच्या टायरची बाजू दर फेऱ्यात मुडपते, त्यातून उष्णता तयार होते, आणि 120 च्या वेगाला, चाळीस अंशांच्या डांबरावर, टायर फुटायला फार वेळ लागत नाही. "मस्कतला जाऊन भरू" म्हणणारे भेटतात. बिदिया ते मस्कत दोनशे किलोमीटरच्या वर आहे. गाडीत बायको-मुले असताना हा धोका कोणी पत्करू नये.

डोंगरात कंप्रेसरची गरज वेगळी. जबल अख्दरला जायचे तर बिरकत अल मौझच्या पुढे पोलीस चौकी आहे. तिथे फोर-बाय-फोर असेल तरच वर सोडतात. रस्ता पूर्ण डांबरी, रुंद, पण चढ जबरदस्त. वर सैकचे पठार साधारण 2000 मीटरवर. इथे टायरला 35 च ठेवायची. उतरताना खालच्या गियरमध्येच यायचे, ब्रेकवर पाय ठेवून नाही. मला एक कुतूहल होते: वर थंडी, मग दाब कमी होईल का? गेज लावून पाहिले तर फरक जवळपास नाहीच. कारण दोन गोष्टी एकमेकींना खोडतात. थंडीने टायरमधली हवा आकसते, साधारण दोन पीएसआय कमी होतात. पण त्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबच वीस टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे गेज तीनेक पीएसआय जास्त दाखवते. म्हणजे वर गेल्या गेल्या हवा भरत बसू नका. मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीला गेलात तर तिथल्या वाड्यांमध्ये गुलाबाचा हंगाम असतो. अल अक्रच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतून चालायला नक्की जा. तिथे फलजचे, म्हणजे जुन्या पाटबंधाऱ्याचे, पाणी दगडी पाटातून अजून वाहते. अशा पाच फलजांना 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अख्दरच्या पायथ्याशी, चौकीच्या अलीकडे, बिरकत अल मौझमधला फलज अल खतमैन त्यातलाच. आम्ही परतताना तिथे गाडी लावून पाटाकाठी बसतो.

खरी कसोटी डोंगरातल्या हत्त गावाच्या बाजूची. शर्फत अल अलमैनच्या खिंडीवरून पलीकडे उतरलात की बिलाद सैत गाव आणि पुढे वादी बनी औफ (वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीचे पात्र). आम्ही गेलो तेव्हा उतार कच्चाच होता, दगडगोटे आणि सैल खडीचा, एका बाजूला कडा. पन्हळी पत्र्यासारखी खडबडीत सडक 35 वर चालवली की गाडीतले सगळे स्क्रू सुटतील असे वाटते, मागचे चाक वळणावर सरकते. 26 वर आणले की सरकणे थांबते आणि मुले मागे झोपूनही जातात. मात्र वाळूसारखे 16 करू नये, धारदार दगडाने टायरची बाजू चिरते, आणि त्या चिरेला पंक्चरची पट्टी लागत नाही. या रस्त्यावर आम्ही खाली रुस्ताकच्या बाजूला पोहोचून, डांबर लागले तिथे, कडेला थांबून हवा भरली. आजूबाजूला एकही दुकान नव्हते. त्या क्षणी यंत्राचे पैसे वसूल झाले असे मला वाटले. एक मात्र आवर्जून: वर आभाळ भरलेले असेल तर वादीत उतरू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असताना डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत पूर होऊन येतो. वाहत्या वादीत गाडी घालणे ओमानमध्ये कायद्याने गुन्हाही आहे.

किनाऱ्याचे दोन प्रकार. सूरच्या रस्त्यावरचा किनारा, म्हणजे बिमाहचे हवियत नज्म (जमीन खचून झालेला पाण्याचा खड्डा), वादी शाब, वादी तिवी, कलहातची बीबी मरियमची समाधी, सूरमध्ये लाकडी गलबतांचा कारखाना, पुढे रास अल जिंझला हिरव्या कासवांची अंडी घालण्याची जागा. इथे साधी कारही चालते, कंप्रेसर डिकीतच राहतो. दुसरा किनारा खलूफचा, बर अल हिकमानकडचा. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या थेट समुद्रात उतरतात, आणि कोळ्यांची पिकअप ओहोटीला पाण्याच्या कडेने पळते. तिथे 18 वर, ओहोटीची वेळ आधी बघून, दुसऱ्या गाडीच्या चाकोरीतूनच जायचे. आणि सबखापासून लांब राहायचे. वरून सपाट, कोरडी, खारी जमीन दिसते, खाली चिखल असतो. त्यात हवा कमी करूनही उपयोग होत नाही, बाहेर काढायला दुसरी गाडी लागते. म्हणून खलूफला एकट्या गाडीने जायचे नाही, हा आमचा नियम.

तिथल्या खाऱ्या हवेने आमच्या कंप्रेसरला सगळ्यात जास्त त्रास दिला. चिमट्यांवर गंज चढला, संपर्क नीट होईना, मोटर अडखळू लागली. पॉलिश पेपरने घासून, हलके ग्रीस लावून ठीक केले. आता किनाऱ्यावरून आल्यावर ओल्या फडक्याने पुसूनच पिशवीत जातो.

तक्रारी आणखी दोन. सोबत आलेले गेज हवा भरताना तीन-चार पीएसआय जास्त दाखवते, कारण ते नळीतला दाब मोजते. यंत्र बंद करून थोडे थांबलात तर बरोबर येते, पण मी वेगळे हातातले गेज घेतले आणि त्यावरच विश्वास ठेवतो. दुसरी, व्हॉल्ववर आटे फिरवून बसवायचे पितळी टोक. काढताना एक-दोन पीएसआय फुस्सकन जातात, आणि चार टायर भरून झाल्यावर ते इतके तापलेले असते की उघड्या हाताने धरवत नाही. मी खटका दाबून बसणारे टोक बदलून घेतले, मस्कतमधल्या रूवीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळाले. नळीची लांबी मात्र उत्तम आहे, पुढच्या बॉनेटमधून मागच्या चाकापर्यंत आरामात पोहोचते. घेताना हे दुकानातच ताणून बघा.

दक्षिणेकडच्या सलालाच्या प्रवासाला याची गरज जवळजवळ नाही. अदम, हैमा करत हजार किलोमीटर सरळ डांबर आहे. जून ते सप्टेंबरच्या खरीफमध्ये, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, सलालाच्या भोवतालचे धोफारचे डोंगर कोकणासारखे हिरवे होतात, तेव्हा आपली माणसे हमखास निघतात. त्या रस्त्याला निघण्यापूर्वी थंड टायरची हवा आणि टायरवरचा चार अंकी उत्पादन क्रमांक बघा. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुने टायर नक्षी शाबूत असली तरी त्या उन्हात दगा देतात.

घ्यावा का? वर्षातून एकदा पाहुण्यांना घेऊन वाळवंटात जात असाल तर नको, बिदियाचे दुकान पुरे. थंडीच्या दिवसांत शुक्रवार-शनिवारच्या सुटीला घरी न बसणारे असाल तर घ्या, आणि घ्याल तो बॅटरीवर चिमटे लावणाराच घ्या. मे ते ऑगस्ट मात्र तो गाडीत ठेवू नका. बंद डिकीतल्या उष्णतेने नळीचे रबर कडक होऊन तडकते. आमचा सध्या घरात, कपाटाखाली आहे. ऑक्टोबरमध्ये मसीरा बेटावर जायचे ठरले आहे, शन्नाहून फेरीने, तेव्हा फिल्टर नवीन घालून तो बाहेर काढू.