कुंपणासाठी करवंद की बोर?

मुंबईत सोसायटीच्या आवाराला काटेरी, पाण्यावाचून तग धरणारे आणि खाण्याजोगी फळे देणारे जिवंत कुंपण हवे असेल, तर करवंद आणि बोर असे दोन देशी पर्याय समोर येतात. कोरडा उन्हाळा दोन्ही सोसतात, पण त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. बोरीचे सोटमूळ खोल जाते आणि कडक उन्हाळ्यात ती पाने गाळून पाणी वाचवते. करवंदाची जाड, चकचकीत पाने मात्र बारमाही हिरवी राहतात, त्यामुळे आडोसा कधीच विरळ होत नाही.

संक्रांतीच्या बोरन्हाणाला लागणारी बोरे थंडीत मिळतात, मात्र फळमाशीमुळे पुष्कळदा किडतात. करवंदे एप्रिल-मेमध्ये पिकतात. हिरवी तोडली की देठाशी पांढरा चीक येतो, आणि तीच लोणच्याला उत्तम. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील डोंगरउतारांवर करवंदीच्या जाळ्या आपसूक वाढलेल्या आहेत, म्हणजे इथला धुवाधार पाऊस तिला मानवतो, फक्त मुळाशी पाणी तुंबता कामा नये.

एकट्या झाडासाठी, आणि दरवर्षी उन्हाळ्यात छाटणी करण्याची तयारी असेल तर, बोर जरूर लावावी, कारण तिला नव्या फुटीवरच फळ धरते. कुंपणासाठी मात्र मी निःसंशय करवंदच सुचवेन. पिकल्या फळातील बिया लगेच पेराव्यात. साठवल्यास त्यांची उगवणशक्ती लवकर जाते.