पंपाच्या स्लीव्हवर टंगस्टन कार्बाइडचं कोटिंग: काही महिने वापरल्यावर

गाळाचं पाणी ओढणाऱ्या पंपात सगळ्यात आधी झिजते ती शाफ्ट स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर बसवलेली, बदलता येणारी नळी. ग्लँड पॅकिंगमध्ये (गळती रोखायला स्लीव्हभोवती दाबून बसवलेल्या दोरीत) बारीक वाळू अडकते आणि फिरत्या स्लीव्हवर गोल चर पाडते. मग ग्लँड कितीही आवळा, गळती थांबत नाही. आमच्याकडे आधी स्लीव्हवर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कडक मुलामा असायचा. या वेळी एचव्हीओएफ पद्धतीने (पावडर ज्वाळेत तापवून गनमधून प्रचंड वेगाने मारतात) टंगस्टन कार्बाइड मारून घेतलं आणि परवा पंप उघडला.

पॅकिंगखालचा पट्टा थोडा जास्त चकाकतो, बाकी नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. क्रोमवर एवढ्या काळात नक्की चर पडला असता. क्रोमची कठीणता ८०० ते १००० विकर्सच्या (कठीणता मोजायचं माप) आसपास, या कोटिंगची हजाराच्या थोडी वर. आकडा बघून फरक किरकोळ वाटतो, पण वाळूतलं क्वार्ट्झही साधारण याच पट्टीतलं, त्यामुळे ते क्रोमला ओरबाडू शकतं. कोटिंगमधले कार्बाइडचे दाणे मात्र वाळूपेक्षा कितीतरी कठीण असतात, म्हणून ते टिकतात.

पावडर कोणती हे विचारून घ्या. दाणे धरून ठेवणारा बाइंडर नुसता कोबाल्टचा असेल तर पाण्यात तोच आधी गंजतो आणि दाणे सुटायला लागतात. पाण्याच्या कामाला १० टक्के कोबाल्ट आणि ४ टक्के क्रोमियमवाली घ्यावी.

फिनिशिंगवर पैसे वाचवू नका. गनमधून आलेला पृष्ठभाग खरखरीत असतो, पॅकिंगला कानशीसारखा खातो. डायमंड व्हीलनेच ग्राइंडिंग करावं लागतं, साधं व्हील इथे चालत नाही. ग्राइंडिंगनंतर ०.१५ ते ०.२ मिमी थर उरेल या हिशोबाने स्लीव्ह आधीच तेवढी कमी मापाची करून पाठवायची. कोटिंगआधी ब्लास्टिंग करून (कठीण कण मारून) पृष्ठभाग खरखरीत केल्यावर त्या जागेला हात लागता कामा नये, हेही वर्कशॉपला बजावून ठेवा. कोटिंगची पकड मुख्यतः त्या खरखरीतपणावरच असते. थर वितळून धातूशी एकजीव होत नाही.

तक्रार एकच, पण मोठी: कडा. टोकाशी एक टवका उडाला होता. धारदार कोपऱ्यावर हे कोटिंग टिकत नाही, त्यामुळे चॅम्फर (कोपरा तिरका कापणं) हवाच आणि थर कडेच्या थोडा अलीकडे थांबवलेला बरा. ठोके बसणाऱ्या भागाला मी हे सुचवणार नाही. इंपेलरच्या (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या) आतल्या वळणांवरही उपयोग नाही, कारण गनला जागा समोर दिसावी लागते आणि ठरावीक अंतरही लागतं.

क्रोमपेक्षा हे महाग पडतं. सहज बदलता येणाऱ्या छोट्या पंपाला क्रोम पुरेसं आहे. जो पंप उघडायचा म्हणजे अख्खी लाइन बंद, तिथे मात्र मी पुन्हा हेच करीन. टवका उडालेली स्लीव्हही भंगारात टाकायची गरज नाही: जुना थर काढून त्याच स्लीव्हवर नवा मारता येतो. फक्त स्लीव्ह शाफ्टवरून काढताना पुलर (ओढून काढायचं साधन) लावा, हातोडा नको.