टंचाईतले दोन रेडिओ : ब्रिटिश की जर्मन?

जुन्या व्हॉल्व्ह (निर्वात काचनळ्या) रेडिओंचा नाद असलेल्या माणसाला कधी ना कधी टंचाईच्या काळातले साधे संच खुणावू लागतात, आणि शोध सुरू केला की बहुधा दोन पर्याय समोर उरतात. एक म्हणजे 1944 साली ब्रिटनमध्ये निघालेला ‘वॉरटाइम सिव्हिलियन रिसीव्हर’, ज्याला सगळे ‘युटिलिटी सेट’ म्हणूनच ओळखतात. दुसरा म्हणजे युद्धानंतरच्या जर्मनीतला, केंद्र निवडणाऱ्या एकाच ट्यून्ड सर्किटवर चालणारा छोटा संच, ज्याच्या प्रकारात ग्रुंडिगचा ‘हाइन्झेलमान’ सर्वांत गाजला. या दोन्ही प्रकारांतला एकेक संच पुण्याच्या घरी माझ्याकडे काही वर्षे होता. जर्मन संच हाइन्झेलमान नव्हता. त्याच सुमाराचा, त्याच घडणीचा, पण कोणी बनवला याची कसलीही खूण नसलेला होता.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर जर्मन संचाचे पारडे निःसंशय जड आहे. युद्ध हरलेल्या जर्मनीत तयार रेडिओ परवान्याशिवाय विकत मिळत नसे. फ्युर्थच्या माक्स ग्रुंडिग यांनी 1946 मध्ये त्यावर तोड काढली : सुट्या भागांचा जोडसंच, तोही व्हॉल्व्हशिवाय, खेळणे म्हणून विकायचा. घेणाऱ्याने तो घरी जोडायचा आणि व्हॉल्व्ह कुठून तरी पैदा करायचे. त्या काळच्या असल्या संचांत जर्मन सैन्याच्या उरलेल्या मालातला ‘आरव्ही 12 पी 2000’ हा व्हॉल्व्ह सर्रास आढळतो, आणि माझ्या संचातही तोच होता. अंगठ्याएवढा हा व्हॉल्व्ह उलटा होऊन खोल सॉकेटात पार बुडून बसतो. बाहेर काढायचा तर त्याच्या बुडाला आट्यांची छोटी मूठ लावून सरळ वर ओढावा लागतो. रणगाड्यातल्या किंवा विमानातल्या वायरलेससाठी घडवलेली वस्तू कोणाच्या तरी स्वयंपाकघरात संगीत ऐकवत होती, ही जाणीव तो व्हॉल्व्ह हातात घेतल्यावर जितकी होते तितकी वाचून होत नाही.

युटिलिटी सेटची कहाणी याच्या नेमकी उलट आहे. कारखाने लष्करी कामात गुंतल्यामुळे नागरिकांना रेडिओ मिळेनात, तेव्हा एकच आराखडा ठरवून तो चाळीसहून अधिक उत्पादकांकडून करून घेण्यात आला. आराखडा मर्फी कंपनीतल्या एका अभियंत्याचा होता, आणि मर्फी हे नाव पुढे आपल्याकडेही घरोघरी पोहोचले. साधी लाकडी पेटी, दर्शनी भागावर कोणाचेही नाव नाही, फक्त मीडियम वेव्ह, आणि विजेवर चालणाऱ्या संचाची किंमत 12 पौंड 3 शिलिंग 4 पेन्स. दिसायला तो अगदीच सामान्य आहे हे मान्य करावे लागेल. परंतु त्या पेटीत सुपरहेट सर्किट आहे, म्हणजे प्रत्येक केंद्राची लहर एकाच ठराविक फ्रिक्वेन्सीवर आणून केंद्रे नीट वेगळी करणारी रचना, आणि माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागतो.

जर्मन संचात ट्यूनिंगच्या जोडीला रिॲक्शनचे बटण असते. लहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या डिटेक्टर व्हॉल्व्हमधून निघालेला सिग्नल थोडासा पुन्हा त्याच्याच तोंडाशी द्यायचा, म्हणजे एकाच व्हॉल्व्हकडून दोन-तीन व्हॉल्व्हचे काम होते. टंचाईत याहून हुशार युक्ती सापडणे कठीण. अडचण अशी की संच शिट्टी घालण्याच्या अगदी काठावर ठेवला तरच तो उत्तम चालतो, आणि तो काठ स्थिर नसतो. आकाशवाणी पुण्याचे 792 किलोहर्ट्झ केंद्र जवळचे असल्यामुळे ते सहज लागे. मात्र मुंबईचे 558 ऐकायचे तर पुणे मध्ये घुसू नये म्हणून रिॲक्शन शेवटच्या केसापर्यंत वाढवावे लागे. संध्याकाळी मोठ्या निगुतीने ते जमवून मी वाचत बसावे, आणि साडेनऊच्या सुमारास आसपासची दुकाने बंद होऊन विजेचा दाब चढला की व्हॉल्व्हचा जोर वाढून संचाने एकदम शिट्टी घालावी, असे आठवड्यातून तीन-चारदा तरी होई. उठून बटण मागे घ्यावे तर गायनाच्या मागून पुणे ऐकू येऊ लागे. त्यातून एरियलवाटे ती शिट्टी बाहेर पडत असल्याने पलीकडच्या खोलीतला युटिलिटी सेटही तिच्याबरोबर किंचाळे, आणि मग घरातली सगळीच माणसे उठून येत. हा कोण्या उत्पादकाचा दोष नव्हे, त्या सर्किटचा स्वभावच तसा आहे. पण रेडिओ लावून विसरून जाता यावे, एवढी साधी अपेक्षाही तो पूर्ण करत नाही.

युटिलिटी सेटवर तेच मुंबई केंद्र एकदा लावले की रात्री बंद करेपर्यंत हात लावावा लागत नाही. दाब वरखाली झाला तर आवाज थोडा कमीजास्त होतो, इतकेच. दुरुस्तीलाही तो सोपा वाटला, कारण बनवणारे अनेक असले तरी आराखडा एकच असल्यामुळे कागदावरची तार पेटीतही त्याच जागी सापडते. घरोघरी जोडलेल्या जर्मन संचाबाबत ती खात्री नाही. माझ्या संचात एक कंडेन्सर कुठून कुठे गेला आहे हे शोधण्यात दोन रविवार गेले होते.

तरीही ज्यांना संच रोज ऐकायचा नसून हाताळायचा आहे, सर्किट कसे जगते ते बोटांनी अनुभवायचे आहे, त्यांनी जर्मन संच अवश्य घ्यावा. तो आनंद युटिलिटी सेट देणार नाही. माझा जर्मन संच अशाच एका मित्राकडे गेला आणि तिथे तो सुखात आहे. मात्र त्या काळच्या कित्येक जर्मन संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासिसला (धातूच्या सांगाड्याला) थेट मेनचा करंट असू शकतो, हे आधी तपासावे. युटिलिटी सेट घेतलात तर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे) जाणारा कागदी कंडेन्सर प्रथम बदलावा, आणि पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये 60 वॅटचा दिवा लावावा. माझ्या संचाच्या वेळी तो दिवा क्षणभर लख्ख पेटून मंदावला, आणि मिनिटभराने स्पीकरमधून हलकी घरघर आली.