बनियनवरचे डाग आणि 29,500 रुपये

मागच्या पावसाळ्यात कपडे भिजवताना बायकोने माझी बनियन समोर धरली. "हे काहून असं कडक झालं?" छातीच्या जागी दोन डाग, खळ घातल्यासारखे. मी घामाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं तर मला आठ दिवसांपासून माहीत होतं. दोन्ही स्तनाग्रांतून पांढरट थेंब यायचे, दाबलं की जास्त. वय 41, दोन पोरांचा बाप, आणि अंगातून दूध! कोणाला सांगणार?

मी नागपूरच्या इतवारीत एका ठोक दुकानात हिशेब पाहतो. गणेशपेठच्या बस स्टँडकडे जाताना एका भिंतीवर "हार्मोन व गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" असं रंगवलेलं रोज दिसायचं. एका शनिवारी तोंडाला रुमाल बांधून तिथे गेलो.

आतल्या माणसाने नाडी धरली, लघवीची बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, शरीर बाईचं व्हायला लागलं तुमचं. सहा महिने उशीर केला तर पुरुषत्व गेलं समजा. घरी बोलू नका, बायका घाबरतात." त्या काळात माझी इच्छा खरोखरच कमी झाली होती, तेही त्याने दोन प्रश्नांत काढून घेतलं. मग मी त्याचं सगळंच खरं मानलं. भस्माच्या पुड्या, 11,000 रुपये रोख. महिन्याने "दुसरा कोर्स", 18,500. पावती म्हणजे कोऱ्या कागदावर नुसता आकडा. तिसऱ्या वेळी त्याने छातीत गाठ असल्याचं सांगून ती "जाळायचे" 35,000 मागितले. एवढे पैसे जवळ नव्हते, म्हणून वाचलो.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली ती पैशांवरून नाही, तीन महिने एकट्याने सोसल्यावरून. दुसऱ्या दिवशी तीच मला धंतोलीत हार्मोनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "सध्या कोणकोणत्या गोळ्या घेता?" तीन महिन्यांत त्या भामट्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, गॅसची तेवढी. दिवाळीत पोट बिघडलं तेव्हा लिहून दिलेली. नंतर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणतच राहिलो. डॉक्टरांनी रिकामी पट्टी मागवली. त्या कॅप्सूलमध्ये ॲसिडिटीच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड होतं.

त्यांनी समजावलं ते असं. दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं. पुरुषातही ते असतं, आणि दुधाच्या नलिकाही थोड्याफार असतात. मेंदूतलं डोपामिन हे रसायन त्याला लगाम घालतं. लेव्होसल्पिराइड, डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड ही पोटाची औषधं आणि मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनसारखी काही औषधं तो लगाम सैल करतात. प्रोलॅक्टिन वाढलं की पुरुषी हार्मोन दबतं, म्हणून इच्छाही मंदावते. म्हणजे ज्या लक्षणावर त्याने मला घाबरवलं, तेही त्याच गोळीचं होतं.

रक्ततपासणीत प्रोलॅक्टिन 96 आलं. रिपोर्टवर पुरुषांची वरची मर्यादा 15 च्या आसपास होती. थायरॉईड मंदावल्याने किंवा किडनी निकामी झाल्यानेही ते वाढतं, म्हणून त्याही तपासण्या झाल्या, चांगल्या आल्या. कॅप्सूल बंद केली. महिन्याने आकडा 13. दाबून पाहायचं नाही अशी ताकीद होती, कारण दाबल्यानेही स्राव चालू राहतो. दोनेक महिन्यांत बनियन कोरडी राहू लागली.

प्रत्येकाचं कारण गोळीच असेल असं नाही. आकडा उतरला नसता तर डोक्याचा एमआरआय करावा लागला असता. पियुषिकेत गाठ असू शकते, आणि पुरुष लाजेपोटी उशिरा येतात म्हणून ती मोठी झालेली सापडते. डोकं दुखतं, दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं. अशी गाठही बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळीने, आठवड्यातून दोनदा घेऊन, आक्रसते. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. माझे ते तीन महिने अशा गाठीचे असते तर, हा विचार अजून झोप उडवतो. एकाच बाजूने रक्तमिश्रित पाणी येत असेल तर कॅन्सरची तपासणी आधी, हेही डॉक्टरांनी बजावलं. आणि मनाच्या आजारावरची गोळी कोणी माझं वाचून स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांनाच विचारा.

त्या भामट्याकडे पैसे मागायला गेलो तेव्हा तो मला ओळखतच नव्हता. 1954 च्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात पुरुषत्वाच्या इलाजाच्या अशा जाहिरातींना बंदी आहे, हे मला तेव्हा कळलं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. उरलेल्या पुड्या आणि ते दोन कोरे कागद जपून ठेवलेत. 11,000 चा काहीच पुरावा नाही. दुसरा हप्ता फोनवरून भरला होता, तो भलत्याच नावाच्या खात्यात गेलेला दिसतो. बँकेचं ते एक पान तक्रारीला जोडलंय.