छाटणीला सावड की टोळी?

तासगावकडच्या एका नव्या द्राक्ष बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीआधी हा प्रश्न पडलाय: शेजाऱ्यांशी कामाची अदलाबदल म्हणजे सावड करायची, की मजुरांची टोळी लावायची?

पैसा: सावडीत रोख लागत नाही, पण शेजाऱ्याच्या बागेत राबून फेड करावी लागते. टोळी एकरी उक्तं, म्हणजे ठरलेल्या रकमेत काम घेते, हिशेब लगेच मिटतो.

वेळ: इथे टोळीच सरस. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागी, फुटीसाठीची पेस्ट लागलीच पाहिजे. सावडीत एकाची अडचण निघाली की सगळ्यांचं खोळंबतं.

काम: उक्त्यात हात भराभर चालतो, मालकाला लक्ष ठेवायला ओळीत उभं राहावं लागतं. सावडीतला जाणता गडी काडीची जाडी बघून थांबतो, कुठल्या डोळ्यावर कापायचं तेही समजावतो. नवख्याला हे शिक्षण पैसे देऊन मिळत नाही.

एकरभर बाग, घरात माणसं मोकळी, तर सावड. चार-पाच एकर किंवा नोकरी सांभाळून शेती असेल, तर टोळी बोलवा.